अडगळीतले शब्द

वर्षश्राद्धाच्या दिवशी गुरुजींनी पत्नीचं नाव घ्यायला सांगितलं, तेव्हा भालचंद्र परुळेकरांना ते आठवेना. तोंड उघडलं आणि एक अवघड इंग्रजी शब्द बाहेर पडला.

"परीक्षा सोमवारी ना, काका? आज मराठीत बोला," गुरुजी हसले.

मुलीकडे कॅनडाला कायमचं जायचं, तर नव्या नियमाने इंग्रजीची परीक्षा देणं भाग होतं. सत्तरीत पाठांतर होईना, म्हणून त्यांनी एका केंद्रात जाऊन मेंदूत इंग्रजी शब्द भरून घेतले होते. केंद्रातल्या बाईंनी बजावलं होतं, "नव्या शब्दांना जागा लागते. गेल्या वर्षभरात तुम्ही एकदाही न उच्चारलेले शब्द पुसले जातील, आणि ते पुन्हा बसणार नाहीत."

"जाऊ देत. अडगळच ती," असं म्हणून त्यांनी सही केली होती.

बायकोला त्यांनी जन्मभर 'अगं' अशीच हाक मारली. नाव घेतलं ते लग्नातल्या उखाण्यात तेवढं. ती गेली तेव्हाचे विधी मृणालने येऊन केले होते, आणि त्यानंतरही ते लोकांशी बोलताना 'मृणालची आई' म्हणत.

फोनवरून मृणाल म्हणाली, "बाबा, सुनीती. आईचं नाव सुनीती."

"सु..." त्यांनी सुरुवात केली, आणि पुढचं निसटलं. मृणालने पुन्हा सांगितलं, मग रडत पुन्हा सांगितलं. समोर फोटो होता. चेहरा लख्ख आठवत होता.

"गुरुजी, नुसतं 'अगं' म्हटलं तर चालेल?"

गुरुजी आता हसत नव्हते. "पिंड नावाने द्यावा लागतो, काका. आणि नाव तुमच्याच तोंडून यायला हवं."

सोमवारच्या परीक्षेत भालचंद्रांना शब्दसंग्रहात पैकीच्या पैकी गुण मिळाले. पिंड द्यायचा राहिला आहे.