साहस शिबिराचा तिसरा दिवस

शाळेच्या दाराला बाहेरून कुलूप होते आणि आतून पाढ्यांचा गजर चालला होता.

सावळीराम गुरुजी किल्ली हातात धरून दारापुढे उभे होते. शेजारी विस्तार अधिकारी ज्योत्स्नाबाई उभ्या होत्या. बाई भल्या सकाळी नाशिकहून जीपने निघून पेठ तालुक्यातील या पाड्यावर आल्या होत्या. त्यांच्या पिशवीत एक आदेश होता. सदर शाळेत आज वीस मुले हजर आढळली नाहीत, तर शाळा कायमची बंद करून मुलांची नावे डोंगरापलीकडच्या शाळेत घालावीत. डोंगरापलीकडे म्हणजे नऊ किलोमीटर. या पाड्यावरचे मूल खेकड्यासाठी नऊ किलोमीटर जाईल, पाढ्यासाठी नऊ पावलेही येत नाही, हे गुरुजी सहा वर्षांच्या अनुभवाने जाणून होते. शाळा गेली की यांची विद्या गेली.

ही आपत्ती टळावी म्हणूनच तर दोन हजार तीन सालच्या त्या हिवाळ्यात वरून परिपत्रक आले होते. विद्येची गोडी लागण्यासाठी तीन दिवसांचे साहस शिबिर भरवावे. झाडावर चढणे, ओढा ओलांडणे, दोरावरून चालणे, रानात चूल पेटविणे. तळाशी एक सक्त सूचना होती. शिबिरकाळात वर्गखोलीस कुलूप लावावे, पाटी-पुस्तकास कोणी हात लावल्यास साहसवृत्तीस बाधा येते. गुरुजींनी एकोणीस वर्षांच्या नोकरीत परिपत्रकातील काना-मात्रादेखील मोडली नव्हती. त्यांनी मुलांना मैदानात उभे करून कठोर स्वरात बजावले की, तीन दिवस कोणी वाचलेले मला खपणार नाही, अगदी मनातल्या मनातसुद्धा.

गुरुजी मूळचे लासलगावकडचे. कांद्याच्या सपाट मुलखात त्यांचे बालपण गेलेले. पहिल्या दिवशी ते प्रात्यक्षिक म्हणून मोहाच्या झाडावर चढले आणि तिथेच राहिले. चौथीतल्या भागीने वर जाऊन, त्यांच्या पायाला एकेक फांदी दाखवीत, त्यांना खाली आणले. ओढा ओलांडण्याचा धडा मुलांनी हाताची घडी घालून पाहिला, कारण शिबिराला येताना ती तोच ओढा ओलांडून आली होती. चुलीच्या वेळी अख्खी काडेपेटी संपली. तेव्हा भागीची आजी चिमणाबाई काठी टेकीत आली, खाली बसून एका फुंकरीत जाळ काढला आणि म्हणाली, गुरुजी, तुमच्या आयनं तुम्हाला काहीच शिकवलं नाय का. गुरुजींनी अहवालात लिहिले, ‘स्थानिक जाणकारांचे मार्गदर्शन लाभले.’

दुसऱ्या दिवशी नऊ मुले आली. आज तिसऱ्या दिवशी एकही आले नाही. एवढेच नव्हे, तर शिबिराचा दोरही जागेवर नव्हता.

रिकाम्या मैदानात जीप थांबली. बाईंनी आदेश बाहेर काढला आणि सहीसाठी पेनाचे टोपण उघडले. इतक्यात कुलूपबंद शाळेतून ‘सात सक बेचाळीस’ असा एकमुखी ध्वनी उठला.

दोघे मागच्या खिडकीशी धावले. छपरावरची आठ-दहा कौले काढून एका बाजूला नीट रचून ठेवलेली होती. तुळईला शिबिराचा दोर बांधून आत सोडला होता. आत पटावरची तेवीस मुले मांडी घालून बसली होती. ज्यांना गुरुजींनी आजवर केवळ शेळ्यांमागेच पाहिले होते, अशी पटाबाहेरची सहा मुलेही होती. एक करडू होते. फळ्यापाशी भागी छडी घेऊन उभी होती आणि थेट गुरुजींसारखा घसा खाकरीत होती. पहिल्या रांगेत, मांडीवर पाटी घेऊन, चिमणाबाई विराजमान झाली होती. तिला वरून दोराने सोडलेले आहे, हे तिच्या कमरेची न सुटलेली गाठ सांगत होती.

बाईंनी गजांतून विचारले की, आजी, हे काय चालले आहे? म्हातारीने ओठांवर बोट ठेवले.

“हळू बोला, बाई. इथं वाचायला बंदी हाय. मास्तराला कळलं तर समद्यांना बाहेर काढंल आन् पुन्हा झाडावर चढून बसंल.”

गुरुजी चटकन खिडकीखाली वाकले.

बाईंनी गजांतूनच बोटाने डोकी मोजली; ती वीसच्या वर भरली. परंतु नियम तो नियम. हजेरी म्हणजे प्रत्येक मुलाला नावाने उभे करून मोजणे. गजांतून डोकावून घेतलेली हजेरी कोणत्याच कार्यालयात ग्राह्य धरली जात नाही. त्या गुरुजींना घेऊन पुन्हा दारापुढे आल्या आणि त्यांनी कुलूप उघडण्यास फर्मावले.

गुरुजींनी किल्ली कुलपात सरकवली. आत कुणाचे तरी गणित चुकले. त्याला भागी रागे भरली, तसा दुसरा कुणी दबल्या आवाजात त्याला उत्तर पुरवू लागला. सहा वर्षांत या शाळेत कुणी कुणाला उत्तर पुरवलेले गुरुजींनी ऐकले नव्हते. त्यांचा हात थबकला. त्यांनी किल्ली हळूच बाहेर काढली, सदऱ्याच्या खिशात टाकली आणि नोकरीतला पहिला हुकूम मोडला.

“मी शिडी धरतो, मॅडम, हजेरी तुम्ही छपरावरून घ्या. कुलूप काढलं तर शाळा सुटेल.”