पहिल्या धड्यातली यादी

"मॅडम, पंधरा वर्षं तेच घासत बसलात. नवीन फ्रेमवर्क जमत नसेल तर घरी बसा!" कंपनीची जुनी वेबसाइट एकटीने सांभाळणाऱ्या तिच्यावर साहेब सगळ्यांसमोर खेकसले.

वेबसाइट बनवायच्या त्या नव्या फ्रेमवर्कच्या पहिल्या धड्यात कामांच्या यादीचं छोटं ॲप बनवायचं होतं. चौथ्या दिवशी तिने ते दाखवलं.

"एवढंच? चार दिवस काय माशा मारत होतात? चालतं तरी का हे?" नेहमीसारखा तिच्या हातातला माउस हिसकावून साहेबांनी यादीतल्या एकुलत्या एका कामापुढचं 'पूर्ण' बटण दाबलं. काम कोणतं, ते वाचायचीही तसदी घेतली नाही.

लगेच त्यांच्या फोनवर मेल आला. तिचा राजीनामा होता.

"चालतं की," पर्स उचलत ती म्हणाली.