हरवल्यावर काय सांगायचं

चार दिवस झाले, नीराबाईचा घरधनी एकच हट्ट धरून बसला होता. तिनं त्याचं नाव घ्यावं.

पासष्टी उलटलेला माणूस, आणि चाळे नव्या नवऱ्याचे. ती बोंबील वाळत घालायला गेली की हा मागोमाग. चुलीपुढं बसली की हा शेजारी पाट टाकून. आजूबाजूला बघून हळूच म्हणायचा, "घे ना गो एकदा." पलीकडं सून, केसर, भाकऱ्या थापत असायची. तिलाही आताशा तो नावानं बोलवीत नसे, नुसतं 'बाय' म्हणे. म्हातारपणी माणूस लाडात येतो तो असा, नीराबाई मनात म्हणायची, आणि लाकूड जरा जोरानंच चुलीत सारायची.

हे सगळं मुंबईपायी. मुलगा शिवदास माझगावच्या गोदीत कामाला होता. दसऱ्याला काशीदला आला तो आई-बापाला आठ दिवस मुंबई दाखवायचा बेत घेऊनच. बाप जुना तांडेल. स्वतःचा मचवा, सुकी मासळी घेऊन महिन्यातून दोनदा भाऊच्या धक्क्याला जाणारा. दर खेपेला बायकोला सांगायचा, पुढल्या खेपेला तुला नेतो. चाळीस वर्षं ती पुढली खेप आली नाही. आणि दोन वर्षांमागं त्यानं सुकाणू पुतण्याच्या हाती दिलं. कंबर दुखते म्हणाला.

तेव्हा लेक नेतो म्हटल्यावर नीराबाई एका पायावर तयार झाली.

शिवदासनं शिकवणी सुरू केली. नथ आणि कानातलं केसरपाशी ठेवायचं. मुंबईचा चोर कानासकट नेतो. ट्रामचे रूळ ओलांडताना बापाचा हात सोडायचा नाही. खाण्याचं नीराबाईनं आधीच ठरवलं होतं. तांदळाच्या भाकऱ्या, सुकट, सोड्यांची चटणी, सगळं बरोबर. इराण्याच्या कपाला कुणाकुणाची तोंडं लागलेली असतात, तिकडं ती फिरकणारही नव्हती.

"धक्क्यावर मी काय खायचो, सांग बघू," नवरा परवाच म्हणाला होता.

"खिमा आन् पाव. चाळीस वर्षं तेच तर ऐकलं."

"बरोबर," म्हणून तो खूश झाला. जसा काही शाळेतला मास्तर.

असंच तो तिच्याकडून सगळं वदवून घेई. हरवलीस तर काय सांगशील? गाव काशीद. उतरलो कुठं? माझगाव, पत्र्याची चाळ, विहिरीशेजारची खोली. पुन्हा सांग. ती पुन्हा सांगे. दिवसातून दहा वेळा. शिवदासला कौतुक वाटे, बापाला आयेची केवढी काळजी.

मचवा रुतायचा तो एकाच ठिकाणी.

"पिवळ्या टोपीचा पोलीस इचारेल, नवऱ्याचं नाव काय?" शिवदास म्हणाला.

"शिवदासचा बा म्हणेन."

"मुंबैत छप्पन शिवदास हायत, आये."

"मग तांडेल म्हणेन. सारा गाव तेच म्हणतो."

ते खरंच होतं. गावात त्याचं नाव घेत होतं कोण? भाऊबंद तांडेल म्हणत, पोरं बा म्हणत, सुनेची बिशाद नव्हती. अरेतुरे करणारे त्याच्या वयाचे केव्हाच मसणात गेले. साऱ्या गावाचं ज्याच्यावाचून चालतं, ते नीराबाईनंच तोंडातून का काढावं? हळदीच्या अंगानं एकदा उखाण्यात घेतलं होतं, तेवढं जन्माला पुरे. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं तिची आई सांगायची. आणि तिची आई काही शाळेत जाऊन खोटं बोलायला शिकली नव्हती.

शिवदासनं शेवटी हात टेकले. नाव, गाव, चाळ, सगळं चिठ्ठीवर लिहून आईच्या पदराला गाठ मारून दिली. तिथं विषय मिटायचा. पण म्हातारा मिटवेना. त्यानं गाठ सोडून चिठ्ठी उलटी धरली, सुलटी धरली. अक्षर दोघांनाही येत नव्हतं. "कागदाचं काय खरं," म्हणाला. "तू तोंडानं घे."

नीराबाईनं ओळखलं. मुंबईला नेतोय तर आधी हिचा ताठा उतरवायचा, एवढंच ह्याच्या मनात. तीही हटली नाही.

निघायच्या सकाळी मात्र त्यानं कहर केला. बैलगाडीनं मुरुडच्या बंदरावर आले. आगबोट खोल पाण्यात उभी होती, होडी किनाऱ्याला लागली होती, शिवदास मांडीभर पाण्यात उभा राहून बोचकी चढवत होता. मासळी विकायला बसलेल्या ओळखीच्या बाया गंमत बघत होत्या. म्हातारा घोटाभर पाण्यात थांबला.

"आधी नाव घे. मगच होडीत पाय ठेवीन."

नीराबाईच्या डोळ्यांपुढं चाळीस वर्षांची मुंबई बुडायला लागली. ती तणतणत त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"चार बायांत शोभा करता? येवढी हौस हाय तर तुमीच घ्या की. सांगा, काय नाव तुमचं?"

बाया हसल्या. त्यानं तोंड उघडलं. तिच्याकडं बघितलं, मग आगबोटीकडं, मग पुन्हा तिच्याकडं. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. आगबोटीचा भोंगा झाला. शिवदास हाका मारत होता, बा, चला, बा. म्हातारा तसाच उभा. हसत नव्हता. तिचं मनगट त्यानं कधी घट्ट धरलं, ते तिला कळलंही नव्हतं.

नीराबाई त्याच्या तोंडाकडं बघत राहिली.

मग तिनं पदर खोचला. बाया ऐकत होत्या, त्यांच्याकडं तिनं वळूनही बघितलं नाही.

"बुधाजी," ती मोठ्यानं म्हणाली. "बुधाजी हाय तुमचं नाव. म्हणा माझ्यामागं."