बावीस घड्याळं

विषमता आणि सरकारी पाळतीविरुद्ध त्या दिवशी चाळीस देशांत मोर्चे होते. इथल्या मोर्चासाठी रत्नमालानं गल्ल्या झाडणाऱ्या बावीस जणी तयार केल्या. अडचण एकच, ठेकेदारानं प्रत्येकीच्या मनगटावर बांधलेलं, जागा टिपणारं घड्याळ. बाई फार वेळ एका जागी थांबली, की तिच्या फोनवर तंबी यायची.

"माझ्या गुडघ्यानं मोर्चा व्हायचा नाय. घड्याळं मला द्या, मी फिरवते," त्यांच्याबरोबर झाडणारी म्हातारी लीलाबाई म्हणाली. सगळी घड्याळं ढकलगाडीत घालून ती भर उन्हात झाडत निघाली.

क्रांती चौकात घोषणा रंगात आल्या आणि बावीस फोन एकदम वाजले: ‘तुम्ही अर्ध्या तासापासून एकाच जागी आहात. कामाला लागा.’

"पकडलो गं बाई!" बाया घाबरल्या.

रत्नमालाच्या हातातला फलक गळून पडला.



"अगं, लीलाबाई अर्ध्या तासापासून हलली नाय!"