राईचं म्हणणं

विनयाताई तांब्यांनी कळ दाबली आणि मांडवातली कुजबूज थांबली. राईतल्या मुळांना जोडलेल्या तारा समोरच्या यंत्रापर्यंत आल्या होत्या. नव्या कायद्यामुळे झाडांचं म्हणणं ऐकल्याशिवाय आता राईतून रस्ता नेता येत नव्हता. विनयाताईंच्या संस्थेने ही राई वीस वर्षं राखली होती, आणि आज सगळी भिस्त तिच्या उत्तरावर होती.

सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी राईला विचारलं, "तुम्हाला कशाची भीती वाटते?"

यंत्र बराच वेळ नुसतं घरघरत राहिलं. मग सपाट आवाज आला, "पूर्वेकडून कोणीतरी खोलातलं पाणी ओढतंय. आम्ही वाळतोय."

रस्त्याबद्दल एक शब्दही नाही. मांडवातल्या माना हळूहळू विनयाताईंकडे वळल्या. राईच्या पूर्वेला एकच बोअरवेल होती, त्यांच्या सुपारीच्या बागेतली.

"आमचा पंप आजपासून बंद," त्या कशाबशा म्हणाल्या. "लिहून घ्या."

"मग राई सावरल्यावर तिला पुन्हा विचारू," अधिकारी म्हणाले. "तोवर रस्ता थांबेल."

संध्याकाळी विनयाताईंचे यजमान मोरेश्वर पंपाची जोडणी सोडवत होते. "पोफळी हा उन्हाळा काढायच्या नाहीत," ते म्हणाले.

"माहीत आहे मला."

मोरेश्वरांनी बागेकडे पाहिलं. "यांनाही एकदा विचारायला हवं होतं."

"नको," विनयाताई घाईने म्हणाल्या. "त्यांना काही विचारू नका."