मुठीतलं गांडूळ

“गांडूळ दिसलं की तुला कसं वाटतं?” असं विचारून गौतमीने हसरा, रडका आणि घाबरलेला अशा तीन चेहऱ्यांची चित्रं पुढे ठेवली. मुलांना निसर्गाचा लळा किती, हे मोजायला ती या बालवाडीत आली होती.

चार वर्षांच्या शर्वीने चित्रांकडे पाहिलंच नाही. अंगणात जाऊन तिने माती उकरली आणि परत येऊन गौतमीच्या तळहातावर मूठ उघडली.

“ताई, आता तू सांग.”

गौतमीने स्वतः कधीच गांडुळाला हात लावला नव्हता. ती शहारली, पण हात मागे घेतला नाही. गांडूळ बोटांमधून वळवळलं, तशी गुदगुल्या होऊन ती खळखळून हसली.

तिचं हसू पाहून सगळीच मुलं अंगणात धावली आणि परत येऊन, मुठी घट्ट मिटून तिच्यासमोर रांगेत उभी राहिली.

“आता कोण?” गौतमीने दुसरा हातही पुढे केला.