मॅन्युएलचा माड

"तुमच्या मालकीचं काय काय आहे?" न्यायाधीशांनी विचारलं.

पिंजऱ्यात उभ्या मॅन्युएलला उत्तर तोंडपाठ होतं. शुभदा वकीलबाईंनी सकाळपासून घोकून घेतलं होतं: अंगावरचे कपडे, जेवणाची भांडी, बाकी काही नाही. एवढं म्हटलं की कोर्ट फी माफ. ती माफ झाली तरच बापाच्या तारकर्लीतल्या घरात भावाकडून हिस्सा मागणारा दावा उभा राहणार, नाहीतर विषय संपला. शिरोड्याला भाड्याच्या खोलीत बसून लोकांची जाळी विणणारा माणूस फी कुठून भरणार, कप्पाळ!

"कपडे," तो म्हणाला. "भांडी." आणि अडला.

बाकी काही नाही, एवढं काही केल्या तोंडातून निघेना. तो जन्मला तेव्हा बापाने घरामागच्या परड्यात त्याची नाळ पुरून वर माड लावला होता. घरात सगळे त्या माडालाही मॅन्युएलच म्हणायचे. नारळ उतरवणारा पाडेलीसुद्धा "मॅन्युएलार चढतंय गो" अशी आईला हाक देऊन वर जायचा. आणि आता शपथ घेऊन काही नाही म्हणायचं?

"साहेब, एक माड आसा माजो."

शुभदाबाईंनी कपाळाला हात लावला. समोरचे वकील ताडकन उठले. "मिळकत लपवली, साहेब! अर्ज फेटाळावा."

"कुठे आहे हा माड?" साहेबांनी विचारलं.

"तारकर्लेक, आमच्या परड्यात. बावीच्या कडेक, वायच दर्याकडे कललेलो." मॅन्युएलचा आवाज हळवा झाला. भावाने फाटकाला कुलूप लावल्यापासून तो तिकडे फिरकला नव्हता. बाहेरून बघून परत फिरणं त्याला जमलं नसतं. पण जाळं विणता विणता डोळा लागला की त्या झावळ्यांचा आवाज यायचा आणि जीव तळमळायचा.

साहेबांनी मागच्या बाकावर बसलेल्या धाकट्या भावाला, रॉयडनला उभं केलं. "माड यांचा आहे का?"

रॉयडनची गत धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय अशी झाली. हो म्हणावं तर भावाचा हक्क कबूल, नाही म्हणावं तर त्याची फी माफ. त्याने मान खाली घातली.

"तो माड आता नाय, साहेब. पावण्यांसाठी खोल्यो बांधल्यो, तेंच्यार नारळ पडत होते. तोडून टाकलो."

 साहेबांनी पेन उचललं. "अर्जदाराकडे काही नाही. फी माफ. दावा दाखल करून घ्या."

बाहेर व्हरांड्यात शुभदाबाई खुशीत होत्या. "बुडता बुडता वाचलो, मॅन्युएलकाका! आता हिस्सा मागायला मोकळे."

मॅन्युएलचं तिकडे लक्षच नव्हतं. तो पायरीवर बसला होता. रॉयडन नजर चुकवून बाजूने निघाला, तेव्हा त्याने हाक मारली.

"रे रॉयडन, मुळां खणून काढलंस काय?"

"नाय. बुंधो तसोच आसा."

मॅन्युएलने कितीतरी वेळाने श्वास सोडला.

"मगे खणू नको हां, बाबा. माजी नाळ आसा थंय."